बिनधुराची जाळी

धनबाद
९ नोव्हेंबर १९९७

प्रिय अफरोज,

अस्सलाम अलैकुम.

धूर गेला, तर भट्टीच्या पोटात काय चाललंय हे माणसाला कळणार कसं? दिवाळीच्या सुट्टीत मी फिरोजाबादला आले तेव्हा मामूंनी, तुझ्या अब्बांनी, मला हे विचारलं आणि मी हसून सोडून दिलं. परतीच्या गाडीत विचार करत बसले. मामूंना सांग, याचं उत्तर माझ्याकडे नाही. उष्णता मोजायची यंत्रं आमच्या संशोधन संस्थेत आहेत, पण ती तुमच्या गल्लीत यायची नाहीत, आणि आली तरी तुझे अब्बा त्यांच्याकडे ढुंकून बघणार नाहीत. ते धुराचा रंग बघतात. काळा म्हणजे कोळसा कच्चा, पिवळट म्हणजे जाळी तुंबली, पांढुरका झाला की बांगड्यांची थाळी आत सरकवायची. पस्तीस वर्षं ते या एवढ्या अक्षरओळखीवर सोनेरी मुलामा पक्का करत आलेत.

पण त्याच धुराने त्यांची छाती पोखरली. मी असताना ते खोकले, आणि रुमाल दुमडून पटकन खिशात घातला. मी पाहिलं. तूही पाहिलंस, आणि पोळी उलटत राहिलीस.

बिनधुराच्या भट्टीसाठी केलेली माझी चौथी जाळी परवा वाकली. बिडाचे गज होते, तरीही मधोमध खाली आले, म्हाताऱ्या खाटेसारखे. तुमच्या जाळीत बोटभर रुंद फटी आहेत, त्यातून निम्मा कोळसा न जळताच राखेत पडतो, आणि जो उरतो तो अर्धवट जळून धूर ओकतो. मी फटी अरुंद केल्या. मग गजांना खालून पुरेशी हवा मिळेना, ते तापून मऊ पडले. आता गज वर जाड आणि खाली निमुळते करणार आहे, म्हणजे राख अडकणार नाही. आणि समोरच्या भिंतीत, विस्तवाच्या वर, बारीक भोकं. तिथून आत गेलेली हवा धुराला पेटवते. कागदावर तरी.

आमच्या विभागाचे सान्याल साहेब म्हणतात, "सहा महिन्यांत एक जाळी नाही उभी राहिली, शगुफ्ता. मोठमोठ्या बॉयलरवर काम कर, नाव होईल." मोठ्या बॉयलरसाठी जगात माणसं आहेत. आपल्या गल्लीतल्या भट्टीसाठी मी एकटीच आहे, आणि मला जमत नाहीये. घरातली पहिली पदवी म्हणून मामूंनी अख्ख्या गल्लीत बालूशाही वाटली होती. त्या गोडाची आता लाज वाटते.

तुझी,
शगुफ्ता आपा

*

फिरोजाबाद
२१ नोव्हेंबर १९९७

आपा,

सलाम. अब्बांना पत्र वाचून दाखवलं. "उत्तर माझ्याकडे नाही" इथे आले तेव्हा म्हणाले, "पुन्हा वाच." पुन्हा वाचलं. मग अम्मीला हाक मारली, "ऐकलंस का, इंजिनीयरणीला एक गोष्ट येत नाही! कॉलेजची फी अगदीच वाया गेली नाही म्हणायची." दिवसभर खुशीत होते. त्यामुळे तू आणखी दोनचार गोष्टी येत नाहीत असं कळव, घरात शांतता राहते.

खोकल्याचं तू लिहिलंस ते मी वाचून दाखवलं नाही. काय करू, पोळी करपली असती.

वाकलेल्या जाळीबद्दल अब्बा म्हणतात, विस्तव पातळ ठेवायची सवय कर, तू एकदम पोटभर कोळसा घालत असशील. तुला स्वयंपाकातही तेवढीच समज होती, हे माझं म्हणणं, त्यांचं नाही. आणि म्हणतात, पाचवी जाळी आमच्याकडेच घेऊन ये. तुझ्या संस्थेत भट्टीला चारही बाजूंनी वारा. तिथे भट्टी पाहुणी असते, इथे घरातली.

थंडी सुरू झाली. काल दार उघडं राहिलं आणि थाळी बाहेर काढताच वाऱ्याची झुळूक लागून तडतड तडतड, दीड तोडा गेला. साडेचारशे बांगड्या! अब्बा ओरडले नाहीत, तुकडे वेचत बसले. ओरडले असते तर बरं होतं.

ईदनंतर माझं लग्न धरायचं म्हणतात शिकोहाबादचे लोक. मुलगा मला आवडला, हे तुलाच लिहिते. त्याचे कान मोठे आहेत, पण ऐकून घेतो.

तुझी,
अफरोज

*

फिरोजाबाद
१८ डिसेंबर १९९७

आपा,

तू जाळी बसवून गेलीस त्याला आज दहा दिवस झाले. आधी खरं सांगू की आधी गंमत?

गंमत अशी की पहिल्या दिवशी अब्बा भट्टीसमोर बसून होते आणि म्हणत होते, "पेटलीच नाही." मी म्हटलं, हात घालून बघा. घातला! मग अर्धा तास बोटं पाण्यात आणि तोंडाने तुझ्या खानदानाचा उद्धार. ते त्यांचंही खानदान आहे हे मी आठवण करून दिलं.

खरं असं की धूर नाही. आपा, खरोखर नाही. छतालगतच्या झरोक्याखालची भिंत अम्मीने चुन्याने रंगवली आणि ती पांढरीच राहिली. अम्मी रोज उठून तिला हात लावून बघते. पूर्वी डोळे चुरचुरले की आम्ही पळत अंगणात यायचो, आता कुणी उठतच नाही. मी सजावटीचं कामही तिथेच घेऊन बसते. ऊब असते. हमीदन खाला आणि पलीकडचे रियासत भाई, दोघांनी तुझ्याकडून जाळ्या मागवल्यात.

अब्बांचा खोकला कमी आहे. थाळी कधी सरकवायची ते आता मनात आकडे मोजून ठरवतात. चारदोनदा चुकले. मला वाटतं त्यांना जरा परकं वाटतं, कुणीतरी घरात शिरून वस्तूंच्या जागा बदलल्यासारखं.

तुझी,
अफरोज

*

धनबाद
२७ डिसेंबर १९९७

प्रिय अफरोज,

तुझं पत्र मी सान्याल साहेबांसमोर ठेवलं. त्यांनी पांढऱ्या भिंतीचं वाक्य दोनदा वाचलं. म्हणाले, "हे अहवालात घाल. जसंच्या तसं." हमीदन खाला आणि रियासत भाईंच्या जाळ्या आमच्या संस्थेच्या फाउंड्रीतल्या माणसाबरोबर पाठवल्या आहेत, तो बसवूनही देईल. उन्हाळ्यापर्यंत साठ भट्ट्यांना जाळ्या देण्याचा विचार आहे.

मला आनंद व्हायला हवा. झाला, एक दिवस. मग मामूंच्या चुकलेल्या थाळ्या डोक्यात बसल्या. मी त्यांची विद्या काढून घेतली आणि बदल्यात काही दिलं नाही. पण छाती तर वाचेल ना? मी हेच स्वतःला सांगते.

एक कर. दिवसाला किती घमेली कोळसा लागतो ते लिहून ठेव. मला आकडे लागतील. मामूंना आणि मुमानीला सलाम.

तुझी,
शगुफ्ता आपा

*

फिरोजाबाद
६ जानेवारी १९९८

आपा,

रमजान मुबारक. आजचा रोजा चालू आहे, तेव्हा चुका पोटात घाल, माझ्या पोटात काही नाही.

घमेली: पूर्वी अकरा, आता सात. पण अब्बांनी पद्धत बदलली आहे. रोज्यात दर वेळी वाकून कोळसा टाकायची ताकद नसते, म्हणून सकाळीच गच्च भरून ठेवतात, वीतभर जाड. तुझी जाळी वजन सहन करते म्हणून खूश आहेत. जुनी असती तर धुराने घर सोडावं लागलं असतं.

धुकं असं पडलंय की समोरचं दार दिसत नाही. परवा पुन्हा गार वाऱ्याने थाळी तडकली, ईदचा माल, व्यापाऱ्याने तोंडावर ऐकवलं. मग मी वरच्या झरोक्याला गोणी ठोकून टाकली. अब्बा म्हणाले, "झरोका कशाला बंद केलास?" मी म्हटलं, "धूर नाही तर झरोका कशाला?" ते पुन्हा आकडे मोजायला लागले. बघ, मीही आता इंजिनीयर.

गोणी ठोकल्यापासून एकही बांगडी तडकली नाही.

रोजे यंदा जड जाताहेत. दुपारपासून डोकं असं ठणकतं की वाटतं आत कुणी काच कापतंय. अब्बांनाही. काल त्यांना मळमळलं, उभे राहिले आणि भिंत धरली. अम्मी चिडवते, "बापलेक मिळून म्हातारे झालात." अम्मीला काही होत नाही, ती दिवसभर अंगणात चुलीपाशी. अंगणात आलं की मलाही बरं वाटतं. इफ्तारनंतर तर सगळं ठीक.

ईदला येशील ना? हिरव्या बांगड्या तुझ्या मापाच्या बाजूला ठेवल्यात.

तुझी,
अफरोज

*

धनबाद
१३ जानेवारी १९९८

प्रिय अफरोज,

अकरावरून सात! तुला कल्पना नाही तू मला काय दिलंस. साहेबांना आकडा सांगितला तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला.

डोकेदुखीचं म्हणशील तर पहिल्या आठवड्यात होतंच. पहाटे सहरीला दोन पेले पाणी जास्त पी, मामूंना दही दे, उपाशीपोटी विस्तवासमोर बसायचं म्हणजे अंगातलं पाणी आटतं. दुपारी थोडं पडत जा म्हणावं त्यांना.

गोणीची युक्ती चांगली केलीस. उष्णता आत राहील, कोळसा आणखी वाचेल. हमीदन खालांनाही सांग.

अहवाल महिनाअखेर द्यायचा आहे, म्हणून ईदला जमेल असं वाटत नाही. रागावू नकोस.

तुझी,
शगुफ्ता आपा

*

फिरोजाबाद
५ फेब्रुवारी १९९८

आपा,

तार मिळून तू आलीस तेव्हा माती होऊन गेली होती. तू दोन दिवस राहिलीस आणि आपण एक शब्द बोललो नाही. घर बायकांनी भरलं होतं. आता सगळ्या गेल्या. अम्मी विधवेच्या इद्दतीत बसली आहे, भिंतीकडे तोंड करून. मी लिहायला बसले, कारण कुणालातरी सगळं एकदा नीट सांगायला हवं.

बावीस तारीख होती. दुपारची नमाज झाली, अब्बा भट्टीपाशी बसले. मी अंगणात भज्यांचं पीठ भिजवायला आले. एकदा आत डोकावले, ते भिंतीला टेकून डोळे मिटून होते. अम्मीला म्हटलं, "झोपलेत." ती म्हणाली, "रोजा लागलाय. झोपू दे, आपाने लिहिलंय ना पडत जा म्हणून." थोड्या वेळाने पुन्हा पाहिलं. त्यांचे गाल गुलाबी झाले होते. किती वर्षांनी तो रंग पाहिला, आपा. मला वाटलं, तब्येत सुधारली. मी दार हळूच ओढून घेतलं, झुळूक लागून झोपमोड होऊ नये म्हणून.

इफ्तारची तोफ झाली तेव्हा खजूर घेऊन उठवायला गेले.

डॉक्टर म्हणाले, कोळशाचा वायू. ना वास, ना रंग. झरोका उघडा असता तर माणूस वाचला असता. ठाण्यातल्या दरोग्याने विचारलं, झरोका कुणी बंद केला? मी म्हटलं, मी. दुसऱ्या कुणाचं नाव नाही घेतलं. पंचनाम्यात तसंच आलंय, निष्काळजीपणा, आणि माझं पूर्ण नाव. पुढे खटला होईल की नाही ते वरचे लोक ठरवतील म्हणे. शिकोहाबादहून निरोप आला आहे. मुलाची आई म्हणाली, बापाचा श्वास कोंडणारी सून नको. तो मोठ्या कानांचा काहीच बोलला नाही. ऐकून घेतो ना, ते आईचंही ऐकून घेतो.

हमीदन खाला आणि रियासत भाईंनी त्याच संध्याकाळी तुझ्या जाळ्या उपसून गटारात टाकल्या. जुन्या घातल्या. गल्लीत धूर परत आलाय. लोक छाती भरून खोकतात आणि अल्लाचे आभार मानतात.

एक गोष्ट केली आहे, ती सांगते. तुझं तेरा तारखेचं पत्र मी जाळलं. दरोगा घरातले कागद मागत होता. खानदानात शिकलेली तू एकच. माझं काय, मी आठवी नापास, माझ्या नावावर डाग पडला तर पडला. तू काही बोलू नकोस. तू इकडे येऊही नकोस एवढ्यात. तुला बघितलं की मला ते दार ओढून घेतलेलं आठवतं.

अफरोज

*

फिरोजाबाद
२३ फेब्रुवारी १९९८

अफरोज,

तू येऊ नकोस म्हणालीस, म्हणून आले नाही. दोन गल्ल्या पलीकडे, माझ्या अम्मीच्या घरी बसून लिहिते आहे. हे तुला पोस्टानेच मिळेल.

आधी एक गोष्ट कबूल करते. कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाला याच वायूवर प्रश्न होता. लक्षणे लिहा. मी लिहिली होती. डोकेदुखी, मळमळ, तोल जाणे, मोकळ्या हवेत आल्यावर बरे वाटणे, चेहरा गुलाबी पडणे. कोळशाचा थर जाड आणि खालून हवा अपुरी असेल तर हा वायू तयार होतो, तेही लिहिलं होतं. सोळापैकी पंधरा गुण मिळाले. तुझ्या सहा जानेवारीच्या पत्रात हेच सगळं होतं, जवळजवळ त्याच क्रमाने. वीतभर थर, गोणी, भिंत धरलेले मामू. मी ते पत्र वाचलं आणि मला फक्त सातचा आकडा दिसला.

मामूंना मी ओळखत होते, रमजान मला ठाऊक होता, थंडीत बांगडी का तडकते हेही ठाऊक होतं. परका माणूस चुकला असता तर म्हणता आलं असतं, त्याला तुमचं घर माहीत नव्हतं. मी त्याच गल्ल्यांत वाढले, आणि जाळी तपासली ती धनबादच्या उघड्या छपराखाली. धूर हा मला फक्त शत्रू वाटला. तोच तुम्हाला अंगणात हाकलत होता, हे मला सुचलंच नाही.

संस्थेचा अहवाल झाला आहे. त्यात लिहिलंय, "वापरकर्त्यांनी वायुवीजनाचा मार्ग बंद केल्याने दुर्घटना, जाळीच्या रचनेत दोष नाही." खाली माझ्या सहीची जागा. सान्याल साहेब वाईट माणूस नाहीत. त्यांनी मला बसवून चहा दिला. म्हणाले, "पोरी, जाळीला एक नळकांडं जोडू, धूर-वायू छपराबाहेर जाईल. मग साठ घरांतल्या छात्या वाचतील. तू आज सही नाकारलीस तर हे काम इथेच मरेल, पुन्हा कुणी या गल्ल्यांकडे बघणार नाही. मेलेला माणूस परत येतो का?"

अफरोज, ते खोटं बोलत नव्हते. नळकांडं जोडलं तर जाळी खरंच चांगली आहे. मी तीन रात्री नाही, तीन आठवडे यावर विचार केला आणि त्यांना खोडून काढणारं एकही वाक्य सापडलं नाही. या गल्लीत माणसं पुन्हा धूर खातील, त्यातली काही मरतील, हळूहळू, आणि त्यांच्या पंचनाम्यात कुणाचंच नाव नसेल. तेही माझ्या खात्यावर आहे. माझ्याकडे बरोबर असा रस्ता उरला नव्हता. एवढंच कळत होतं की त्या सहीच्या जागेवर माझं नाव पडलं, तर पंचनाम्यातलं तुझं नाव कायमचं पक्कं होईल.

तू पत्र जाळलंस ते माझ्यावरच्या मायेने, पण ते तुला शोभलं आणि मला नाही. मी ते पुन्हा लिहून काढलं. मला ते शब्दन् शब्द पाठ आहे. "गोणीची युक्ती चांगली केलीस." "हमीदन खालांनाही सांग." हमीदन खालांना तू सांगायला विसरलीस की मुद्दाम सांगितलं नाहीस, मला माहीत नाही. त्या जिवंत आहेत ते तुझ्यामुळे.

अहवालावर सही केली नाही. त्याऐवजी चार पानं लिहिली. जाळी कुणी आखली, कुठे तपासली, काय तपासलं नाही. जाड थराची आणि बंद झरोक्याची खबर आखणाऱ्या बाईला किमान नऊ दिवस आधी लेखी मिळाली होती आणि तिने उत्तरात शाबासकी दिली. अफरोज बेगम हिने जे केलं ते तज्ज्ञाच्या लेखी संमतीने केलं. खाली सही, बापाचं नाव, पदवी, पत्ता.

सान्याल साहेबांच्या टेबलावर एक प्रत ठेवली, सोबत राजीनामा. त्यांनी चार पानं वाचली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "दार ओढून घे." शिकोहाबादला एक प्रत रजिस्टरने गेली. त्याने काही बदलेल असं मला वाटत नाही.

मूळ प्रत आज सकाळी अकरा वाजता ठाण्यात दिली. माझं पुन्हा लिहून काढलेलं उत्तर आणि तुझं सहा जानेवारीचं पत्र तिला जोडलं, तुझ्या हाताने लिहिलेलं, नक्कल न ठेवता. दरोगा म्हणाला, "बाई, हे दिलंत की परत मिळत नाही. विचार केलात का?" मी पोच मागितली. त्याने शिक्का मारला.

शगुफ्ता